खोगीरभरतीची बदनामी : सारंगखेड्याचा बाजार, मराठी घोडदळ आणि घोड्याची पाठ

१/
मार्गशीर्षातील दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात, तापीच्या काठी, सारंगखेड्याची यात्रा भरते. एकमुखी दत्ताचे दर्शन आणि घोड्यांचा बाजार ही तिची दोन अंगे. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी, सिंधी अशा नाना वाणांची जनावरे येथे दावणीला उभी राहतात आणि त्यांचे मोल लाखांत बोलले जाते. या बाजारात सर्वांत कमी विचाराने विकत घेतली जाणारी वस्तू म्हणजे खोगीर. मराठी इतिहासाच्या अभिमान्यांनाही नेमके याच वस्तूचे वावडे आहे. या दोन अनास्थांचे मूळ एकच आहे. त्याविषयी हा धागा.

२/
घोडा घेताना गिऱ्हाईक घाई करीत नाही. रंग पाहिला जातो, अंगावरचे भोवरे मोजले जातात, चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी मिळाला तर भाव चढतो. दात उघडून वय ठरवतात. रेवाल चाल चालवून पाहतात. दोन-दोन दिवस घासाघीस चालते. मग व्यवहार ठरतो आणि परतीच्या वाटेवर एखाद्या पालापुढे थांबून ज्यावर गोंडे, आरसे आणि जर अधिक, ते खोगीर उचलले जाते. त्या वेळी घोडा पालापासून दूर, दावणीला बांधलेला असतो. त्याच्या पाठीला त्या खोगिराची ओळख घरी गेल्यावर होते.

३/
प्रतिपादन सरळ आहे. खोगीर आधी घोड्याच्या पाठीला बसले पाहिजे, मग स्वाराच्या बैठकीला, आणि डोळ्याला बसलेच तर सर्वांत शेवटी. बाजारात हा क्रम उलटा झाला आहे. तो उलटा होण्यात, मराठ्यांच्या घोडदौडीचे पोवाडे गाताना त्या घोड्याच्या पाठीवर काय होते हे कधीच न विचारणाऱ्या इतिहासप्रेमाचाही वाटा आहे.

४/
प्रथम शब्द. ‘खोगीर’ हा फारसीतून आलेला शब्द आहे. त्यातील ‘खो’ म्हणजे घाम आणि ‘गीर’ म्हणजे धरणारे, घेणारे. घाम शोषून घेणारे ते खोगीर. हाच ‘गीर’ ‘बारगीर’ या शब्दात आहे. तेथे ‘बार’ म्हणजे भार. ज्यांनी ही नावे दिली त्यांना घोड्याच्या पाठीवर दोनच गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या होत्या, घाम आणि भार. जरीचा त्यात उल्लेख नाही.

५/
घोड्याच्या साजाची बहुतेक मराठी नावे अशीच फारसी-अरबी आहेत: जीन, लगाम, रिकीब, तंग, दुमची, चारजामा. जुना देशी शब्द ‘पलाण’. तो संस्कृत ‘पर्याण’ यावरून आलेला. शिवकाळात राजव्यवहारकोश रचला गेला, त्यात चतुरंग सेनेसाठी स्वतंत्र वर्ग करून संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. तरीही स्वाराच्या तोंडी खोगीरच राहिले. शब्दांच्या शुद्धीवर रात्र-रात्र वाद घालणाऱ्यांनी वस्तूकडेही थोडे पाहिले असते तर बरे झाले असते.

६/
आता ‘खोगीरभरती’. आज मराठीत या शब्दाचा अर्थ निरुपयोगी भर, संख्या वाढवण्यासाठी कोंबलेली माणसे किंवा मजकूर. एखाद्या संमेलनात वक्ते फार झाले की टीकाकार हा शब्द फेकतात. मूळ अर्थ मात्र खोगिरात भरलेला कापूस, लोकर, चिंध्या, गवत. ज्याने कधी लांबचा प्रवास घोड्यावर केला नाही अशा माणसानेच ही भर निरुपयोगी ठरवली असणार. कारण घोड्याच्या दृष्टीने खोगिरात भरतीइतके महत्त्वाचे दुसरे काही नसते.

७/
घोड्याच्या पाठीला बरगड्यांच्या अठरा जोड्या असतात. भार पेलण्याची जागा म्हणजे या बरगड्यांनी तोललेला भाग, खांद्याच्या फऱ्यामागून शेवटच्या बरगडीपर्यंत. त्यामागे कंबर सुरू होते आणि कमरेखाली बरगडीचा टेकू नाही. पुढे मानेच्या मुळाशी दोन खांद्यांमध्ये हाडाचा उंचवटा असतो, त्यावर मांस फार थोडे. मधोमध कणा. म्हणजे खोगिराने चार ठिकाणे टाळायची: उंचवटा, कणा, हलता फरा आणि कंबर. भार कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर, जेवढ्या जास्त जागेवर पसरेल तेवढा पसरायचा. सारे शास्त्र एवढ्यात संपते. अवघड आहे ते प्रत्येक पाठीवर ते साधणे.

८/
भार पसरवण्याचे हे काम भरती करते. कण्याच्या दोन्ही अंगांना भरीव गाद्या आणि मध्ये रिकामी पन्हळ असेल तर कणा सुटतो. गादी एका ठिकाणी गोळा झाली तर तेथेच टोचते. गादी बसून चपटी झाली तर खोगीर खाली उतरते आणि उंचवट्यावर घासू लागते. म्हणून भरती वरचेवर उसवून, झोडून, पुन्हा भरावी लागते. अरुंद अंगाच्या, ठळक उंचवट्याच्या मारवाडी घोड्याला एक भरती लागते, रुंद गोल पाठीच्या घोड्याला दुसरी. एका घोड्याचे खोगीर दुसऱ्यावर चढवणे म्हणजे थोरल्याचा जोडा धाकट्याला घालून त्याला मैलोगणती पिटाळणे.

९/
हे मराठी घोडदळाच्या गतीशी कसे जोडलेले आहे? कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीस १६९४ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत पागेची व्यवस्था सांगितली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पावसाळ्यात छावणी, दाणावैरण, औषधे, जनावरांना निवारा. दसऱ्याला कूच, आठ महिने परमुलुखात. परत येताना झडती.

१०/
या व्यवस्थेतील आठ महिने हा आकडा सहसा पराक्रमाच्या अंगाने वाचला जातो. तो पाठीच्या अंगानेही वाचावा. छावणीत चार महिने दाणा खाऊन निघालेला घोडा दसऱ्याला भरलेला असतो. पौष-माघापर्यंत तो झडतो, पाठीवरचे मांस उतरते, उंचवटा वर येतो. निघताना जे खोगीर चपखल बसले ते तीन महिन्यांनी बसेलच असे नाही. घोडा तोच, पण पाठ दुसरी. घट्ट लाकडी सांगाड्याचे जीन अशा वेळी बदलता येत नाही. भरतीचे खोगीर रात्रीच्या मुक्कामी सुई-दोऱ्याने बदलता येते, आणि खाली आणखी एक घडी घालता येते. इथेच घोडे पेंड खाते.

११/
सभासदाच्या यादीत नालबंद आहे, पण जीनगर नाही, असा आक्षेप येईल. येऊ द्या. नाल ठोकण्याला भट्टी, ऐरण आणि हातोटी लागते. खोगीर उसवून भरायला लागते ती प्रत्येक स्वाराच्या अंगी असण्याजोगी कारागिरी. जीनगर हा मात्र आपल्या समाजातला स्वतंत्र कारागीरवर्ग होता, जिनावरूनच ज्याचे नाव पडले. घोडदळे मोडल्यावर या समाजाने तांब्या-पितळेचे काम, चित्रकारी, पुस्तकबांधणी असे अनेक उद्योग पत्करले. गड जिंकणाऱ्यांची नावे पाठ करणाऱ्या पिढीला या नावाचा अर्थही सांगावा लागतो.

१२/
बारगीर आणि शिलेदार हा भेद सर्वांना पाठ असतो. बारगिराला घोडा सरकारचा, शिलेदाराचा घोडा स्वतःचा. परीक्षेत एवढे लिहिले की गुण मिळतात. पण त्याचा पाठीशी संबंध असा की दोन्ही व्यवस्थांत घोड्याच्या पाठीचा कोणी तरी धनी होता. बारगिराच्या घोड्याला जखम झाली तर ती सरकारची मालमत्ता, वर हवालदार, त्यावर जुमलेदार. शिलेदाराचा घोडा निकामी झाला तर त्याची चाकरीच बुडाली. घरी जाऊन नांगर धरायचा. शिलेदार आपला घोडा धोक्यात घालायला कचरतो ही तक्रार पुढच्या काळात पुष्कळांनी केली आहे. तिची दुसरी बाजू अशी की तो खोगीर तपासल्याशिवाय तंग कसत नसावा.

१३/
राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळात चिपळूण भागातील छावणीच्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. शेतकऱ्याला उपद्रव देऊ नये, यासाठी ते सर्वत्र उद्धृत होते. ते योग्यच. पण त्या पत्राचा पाया दाणावैरणीचा हिशेब आहे: आज वाटेल तसे उधळले तर भर पावसात जनावरे उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारलीत असे होईल. गवताच्या गंजीला दिव्याच्या वातीने आग लागू नये इतक्या बारकाव्यापर्यंत ते पत्र जाते. उंदीर पेटती वात ओढून नेईल याची चिंता करणारा राजा घोड्याच्या पाठीकडे दुर्लक्ष करणाऱ्या स्वाराला काय म्हणाला असता, हे ज्याचे त्याने ठरवावे.

१४/
आता खानदेशाजवळचे उदाहरण. १७२७ च्या उत्तरार्धात पहिला बाजीराव निजामाविरुद्ध निघाला. औरंगाबाद, जालना, वऱ्हाड, मग खानदेशातून गुजरात. फेब्रुवारी १७२८ मध्ये तो परत फिरून खानदेशात बेटावदला आला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पालखेडला निजाम कोंडला गेला. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. बेटावद आजच्या धुळे जिल्ह्यात, शिंदखेडा तालुक्यात येते. सारंगखेड्याच्या यात्रेकरूला ते परके नाही.

१५/
या मोहिमेवर लिहिणारे सारे ‘वेग’ या शब्दापाशी थांबतात. तोफखाना मागे ठेवला, बाजारबुणगे नव्हते, म्हणून वेग आला. खरे आहे. पण महिनोन्‌महिने चालून गेलेला घोडा शेवटच्या आठवड्यातही स्वार घेऊन धावतो, याला बुणग्यांचा अभाव पुरेसा नाही. त्याची पाठ शाबूत असावी लागते. पाठीला व्रण झालेला घोडा तलवारीच्या जखमेइतकाच निकामी असतो. तलवारीचा वार निदान मोजला जातो.

१६/
बाजीरावाची एक आख्यायिका सर्वश्रुत आहे. निजामाने चित्रकार पाठवला आणि त्याने जे पाहिले ते काढले: भाला खांद्यावर टेकवलेला, लगाम मानेवर सैल सोडलेला आणि पेशवा दोन्ही हातांनी ज्वारीचे कणीस चोळून दाणे खात चाललेला. ही कथा साधेपणासाठी सांगतात. ती घडली असो वा नसो, सांगणाऱ्याला स्वारी ठाऊक होती. दोन्ही हात मोकळे ठेवून चालत्या घोड्यावर सहज बसता येते ते फक्त बैठक खरी असेल तर: खोगिराचा सर्वांत खोल भाग मध्यावर, मांडी अंगालगत, रिकीब आपल्या लांबीची. चित्राकडे पाहणाऱ्या प्रत्येकाला कणीस दिसले. खोगीर कोणाला दिसले नाही.

१७/
या न दिसण्याची सवय आजच्या इतिहासप्रेमाने जोपासली आहे. अश्वारूढ पुतळा उभा राहिला की घोड्याचा एक पाय वर आहे की दोन, यावर हजारो लोक वाद घालतात. एक पाय वर म्हणजे जखमांनी मृत्यू, दोन वर म्हणजे रणांगणी मृत्यू, हा संकेत ठाम आवाजात सांगितला जातो. असा कोणताही सर्वमान्य नियम शिल्पकारांत नाही. परदेशातील पुतळ्यांची साधी तपासणी केली तरी तो कोसळतो. तशीच महाराजांच्या घोड्यांच्या नावांची यादी, जी दर शिवजयंतीला फिरते आणि जिच्याखाली समकालीन आधार कोणी देत नाही. पुतळ्यातील स्वार घोड्याच्या कमरेवर बसवला आहे काय, तंग योग्य जागी आहे काय, हा प्रश्न मात्र वादात येत नाही.

१८/
दुसरा पंथ उलट टोकाचा. त्याच्या मते देशी खोगीर म्हणजे गोधडी. शास्त्र हवे तर इंग्लिश जीन घ्यावे. या पंथाला तीन गोष्टी सांगणे अगत्याचे आहे. इंग्रज स्वार आपल्या जिनाखाली जी घडी घालतो तिला तो ‘नम्ना’ म्हणतो. हा आपलाच ‘नमदा’. इंग्लिश जिनाच्या खालच्या गाद्यांत लोकर भरलेली असते आणि चांगला कारागीर ती ठराविक काळाने काढून, घोड्याची पाठ पाहून, पुन्हा भरतो. म्हणजे खोगीरभरतीच. तिसरी गोष्ट म्हणजे सांगाडा. इंग्लिश जिनाचा सांगाडा अरुंद, मध्यम, रुंद अशा मापांत येतो आणि माप चुकले तर कितीही उंची कातडे असले तरी ते घोड्याला छळते.

१९/
कानपूर हे आज जिनांच्या निर्यातीचे मोठे केंद्र आहे आणि तिथल्या कारागिरीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण परदेशी बाजारासाठी बेतलेले जीन तिकडच्या रुंद, भरदार पाठीच्या घोड्यांच्या मापाचे असते. तेच अरुंद मारवाडी घोड्यावर घातले की ते पुढून खाली बसते आणि उंचवट्यावर टेकते. विकत घेणारा समाधानी असतो, कारण जीन ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’चे असते. घोड्याला ही पाटी वाचता येत नाही.

२०/
जगातल्या सैन्यांनी हा धडा पाठी सोलून शिकला. अमेरिकी सैन्याने १८५९ मध्ये स्वीकारलेल्या मॅक्लेलन जिनाच्या मधोमध, कण्यावर, लांबट मोकळी फट होती. कणा सुटावा आणि हवा लागावी म्हणून. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात, १८९९ ते १९०२ या काळात, ब्रिटिशांचे तीन लाखांहून अधिक घोडे मेले. अतिश्रम, उपासमार, समुद्रप्रवासानंतर विश्रांतीच न देणे ही मोठी कारणे, आणि निकामी झालेल्यांत पाठ सोललेले घोडेही होते. ब्रिटिश सैनिकी जिनाखाली घडी घातलेली घोंगडी असे. घोडा रोडावला की घड्या बदलायच्या. दख्खनच्या स्वाराला ही युक्ती नवी वाटली नसती.

२१/
याचा अर्थ जुने खोगीर निर्दोष होते असा नाही. मऊ खोगिराला आतून सांगाडा नसेल तर रिकिबीवर उभे राहिल्यावर सारा भार रिकिबीच्या पट्ट्याखाली एकवटतो. मधली पन्हळ नसेल तर स्वार थेट कण्यावर बसतो. स्वार जड असेल तर हे दोष वाढतात. ‘आपले ते सारे उत्तम’ म्हणणाऱ्यांनी हेही लिहून ठेवावे. गुण देशी असण्यात नव्हता. दर मुक्कामी पाठ पाहून बदलता येण्यात होता. बाजारातील आजचे जरीचे खोगीर दिसायला देशी आहे, पण आत फोमची एकसारखी लादी ठोकलेली असेल तर त्यात तो गुणही उरत नाही.

२२/
तिसरा पंथ म्हणजे ‘खरा मर्द उघड्या पाठीवर बसतो’. सांची, मथुरा आणि आपल्या मावळातील भाजे येथील दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पांत स्वारांनी पाय तंगाखाली खोचलेले दिसतात. म्हणजे पाय अडकवायला आधार शोधण्याची धडपड तेव्हाच सुरू झाली होती. चीनमध्ये इसवी सन ३२२ च्या एका थडग्यातील मूर्तीत दोन्ही बाजूंच्या रिकिबी स्पष्ट दिसतात. माणसाने शेकडो वर्षे खर्चून जे मिळवले ते टाकून देण्याला मर्दुमकी म्हणायचे असेल तर म्हणावे. उघड्या पाठीवर स्वाराच्या बैठकीची दोन हाडे घोड्याच्या पाठीच्या लहानशा जागेत रुततात. पाच मिनिटांच्या चित्रफितीत ते कळत नाही.

२३/
आता स्वाराची बाजू. बैठक अरुंद असेल तर स्वार मागे सरकतो आणि थेट घोड्याच्या कमरेवर येतो. फार रुंद असेल तर मांडी फाकते आणि तो लगामाने तोल सावरू लागतो. घोड्याचे तोंड फाटते. लांब मांडीच्या माणसाला पुढची झडप लांब लागते. रिकीब कशी मापायची याची जुनी खूण सोपी आहे: बोटे पट्ट्याच्या कडीला लावायची आणि रिकीब काखेत यायला हवी. स्वार आणि साज मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असावेत हा ढोबळ दंडक. साडेतीनशे किलोच्या घोड्यावर हे सत्तर किलो होतात, खोगिरासह. सजवलेल्या घोड्यावर चढणाऱ्या अनेकांनी हा हिशेब आधी करावा.

२४/
बाजारात भोवरे मोजले जातात म्हणून एक सूचना. घोड्याच्या पाठीवर, खोगिराच्या जागी, पांढऱ्या केसांचे ठिपके दिसतात काय ते पाहावे. कुमैत किंवा काळ्या अंगावर ते उठून दिसतात. पुष्कळ जण त्यांना जन्मखूण समजतात, काही तर शुभ मानतात. बहुतेक वेळा ती चुकीच्या खोगिराची नोंद असते: दाबाने केसांची मुळे दुखावली आणि नंतर केस पांढरे उगवले. भोवऱ्यावरून धन्याचे भाग्य कळते की नाही हे शालिहोत्राच्या परंपरेवर सोडू. या ठिपक्यांवरून मात्र आधीचा धनी कसा होता हे निश्चित कळते. त्यावर भाव पाडून मागण्याची रीत का पडू नये?

२५/
जाता जाता एक बोच. यात्रेतील उत्सवाला ‘चेतक’ हे नाव आहे. १८ जून १५७६ च्या हळदीघाटातील तो घोडा आदरणीयच. पण ज्या भूमीवर भीमा-नीरेच्या काठच्या भीमथडी घोड्यांवर सारे राज्य उभे राहिले, तेथे त्या घोड्याचे नाव किती जणांना ठाऊक आहे? अंगाने लहान, काटक, आजही धनगरांच्या स्थलांतरात बिऱ्हाड वाहणारा हा घोडा अलीकडेच राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंदला गेला. त्याच्या पाठीच्या मापाचे खोगीर बाजारात मागून पाहावे, कोणत्या पालावर मिळते ते.

२६/
‘यात्रेत एवढा वेळ कोणाला असतो?’ हा शेवटचा आक्षेप. ज्याला दोन दिवस भावासाठी मिळतात त्याला एक तास पाठीसाठी मिळतो. खोगीर घेऊन घोड्याकडे जावे, खाली काही न घालता ठेवून पाहावे. मग कसून, स्वार बसवून, उंचवट्यावर दोन-तीन बोटे जागा उरते काय ते तपासावे. मागून पाहिल्यास पन्हळीतून उजेड आरपार दिसला पाहिजे. अर्धा तास चालवून उतरवावे आणि घाम पाहावा. दोन्ही अंगांना सारखा ओला ठसा हवा. ओल्यात मधेच कोरडा डाग राहिला तर तेथे दाब अति आहे. ते खोगीर परत द्यावे. घाम धरणाऱ्या वस्तूची परीक्षा घामाने होते, शब्दातच सांगितले आहे.

२७/
दुकानदार खोगीर बाहेर नेऊ देत नसेल तर घोड्याची पाठच पालावर न्यावी. वाकणारी जाड तार घ्यावी. फऱ्याच्या मागे, पाठीच्या मध्यावर आणि शेवटच्या बरगडीपाशी ती आडवी दाबून आकार घ्यावा, तो पुठ्ठ्यावर उतरवून कापावा. असे तीन पुठ्ठे खोगिराच्या खालून लावून पाहिले की कोठे पोकळी आहे आणि कोठे टोचते ते दुकानदारालाही दिसते. पुठ्ठ्यावर घोड्याचे नाव आणि तारीख लिहून ठेवावी, कारण चैत्रात हेच माप पुन्हा घ्यावे लागेल.